ताब्यातील प्रदेशातील नागरिक आणि युद्धकैदी : भरपाईची न्याय्य योजना कशी आखावी

युद्धकैद्यांना कसे वागवावे हे ठरवणाऱ्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या परिशिष्टात एका लहानशा कार्डाचा नमुना दिलेला आहे. कैद होताच प्रत्येक युद्धकैद्याने ते भरायचे आणि छावणी बदलली किंवा इस्पितळात हलवले की पुन्हा भरायचे, असा नियम आहे. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, हुद्दा, सैन्यक्रमांक, जवळच्या नातेवाइकाचा पत्ता, पकडल्याची तारीख आणि प्रकृती, अशा मोजक्याच माहितीचे रकाने त्यावर आहेत. प्रकृतीसाठीचे शब्द आधीच छापलेले असतात. त्यांतले लागू नसतील ते खोडायचे आणि स्वतःचा कोणताही शेरा जोडायचा नाही, अशी सूचना कार्डावरच दिलेली असते. घरच्यांना खुशाली कळावी हा या कार्डाचा हेतू आहे आणि तो चांगलाच आहे. पण पुढे भरपाईसाठी अर्ज करताना हेच कार्ड पुरावा म्हणून पुढे ठेवावे लागते, तेव्हा उपासमार, मारहाण, आजारपणात करून घेतलेले काम यांतले काहीच त्यावर नसते. तारेच्या कुंपणाआड न जाता आपल्याच गावात परक्या सैन्याच्या ताब्याखाली जगलेल्या नागरिकाजवळ तर एवढाही कागद नसतो.

भरपाईच्या योजनांचा मूळ प्रश्न इथेच आहे. ताब्याच्या काळात कागद ताबा घेणाऱ्याच्या हातात असतो. हजेरीपट, छावण्यांच्या याद्या, जप्तीच्या नोंदी तोच ठेवतो आणि माघार घेताना अनेकदा तोच त्या जाळून टाकतो. म्हणून कागद नसण्याचा तोटा ज्याने सोसले त्याच्या माथी येणार नाही, अशी आखणी पहिल्या पायरीपासून करावी लागते. ती नंतर ठिगळ लावून करता येत नाही. हा लेख अशा योजनेचा मसुदा करणाऱ्यांसाठी, दाव्यांची छाननी करणाऱ्यांसाठी आणि दावेदारांना अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी लिहिला आहे.

पहिली पायरी : देणे कशाचे आहे, ते लिहून काढा

भरपाई या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे थकलेले देणे. जमिनीवरील युद्धाविषयीच्या १९०७ च्या हेग नियमावलीच्या कलम ५२ नुसार ताबा घेणाऱ्या सैन्याने स्थानिकांकडून धान्य, गुरे किंवा इतर वस्तू घेतल्या, तर शक्यतो रोख मोबदला द्यायचा असतो. तो देता आला नाही तर पावती द्यायची आणि पैसे लवकरात लवकर चुकते करायचे असतात. नागरिकांच्या संरक्षणाविषयीच्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम ५१ नुसार नागरिकांकडून काम करून घेतल्यास योग्य मजुरी द्यावी लागते आणि १८ वर्षांखालील कोणाला कामाची सक्ती करता येत नाही. युद्धकैद्यालाही कामाचा मोबदला मिळतो. तिसऱ्या करारात त्याची किमान पातळी पूर्ण दिवसाच्या कामाला पाव स्विस फ्रँक अशी ठरवलेली आहे आणि कैद संपताना त्याच्या नावावरच्या शिल्लक रकमेचे सहीनिशी पत्रक देणे बंधनकारक आहे. हे सारे कर्ज आहे. ते वसूल करण्यासाठी कोणी आपल्या यातनांचे वर्णन करण्याची गरज नाही; किती घेतले, किती दिवस राबवले आणि काय दिले, एवढाच हिशेब पुरे. 'काय दिले' हे तपासताना एक गोष्ट विसरू नये. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलायात छापलेल्या नोटांपैकी दहा डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड होते, म्हणून लोक त्या सगळ्याच चलनाला 'केळीचा पैसा' म्हणत. युद्ध संपताच त्याची किंमत शून्य झाली. हाँगकाँगमध्ये लोकांना सक्तीने घ्यायला लावलेल्या लष्करी येनचीही हीच गत झाली आणि त्या नोटा जपून ठेवलेल्या लोकांचा दावा टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने १९९९ मध्ये फेटाळला. अशा नोटांत दिलेली मजुरी म्हणजे न दिलेली मजुरी, असे योजनेच्या नियमांत स्पष्ट लिहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे बेकायदा कृत्यांमुळे झालेल्या हानीची भरपाई. हिचा पाया १९०७ च्या चौथ्या हेग कराराच्या कलम ३ मध्ये आहे: आपल्या सैन्यातील व्यक्तींनी केलेल्या सर्व कृत्यांची जबाबदारी युद्ध करणाऱ्या राज्यावर राहील आणि प्रसंगी त्याला भरपाई द्यावी लागेल. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलच्या कलम ९१ मध्ये हेच तत्त्व पुन्हा आले आहे. तिसरी गोष्ट म्हणजे सानुग्रह रक्कम, म्हणजे कायदेशीर जबाबदारी न मानता कृतज्ञतेपोटी किंवा सहानुभूतीपोटी दिलेला पैसा.

या तिन्हींची सरमिसळ केली की घेणाऱ्याचा अपमान होतो. १९९५ मध्ये जपानमध्ये स्थापन झालेल्या आशियाई महिला निधीतून, युद्धकाळात सैनिकांच्या लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांना प्रत्येकी २० लाख येन देऊ केले गेले. पण ही रक्कम लोकांच्या देणग्यांतून उभारलेली होती आणि सरकारने कायदेशीर जबाबदारी मान्य केलेली नव्हती, म्हणून अनेक वृद्ध स्त्रियांनी गरज असूनही ती नाकारली. रक्कम लहान होती म्हणून त्यांनी नकार दिला नाही. तो पैसा कोणाचा आहे आणि कशासाठी दिला जात आहे, हे त्यांना ठाऊक होते.

राज्याने नागरिकांच्या वतीने सोडलेला हक्क, हा याच पायरीवरचा दुसरा गुंता आहे. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता तहाच्या कलम १४ नुसार मित्रराष्ट्रांनी जपानविरुद्धचे आपले आणि आपल्या नागरिकांचे युद्धविषयक दावे सोडून दिले. कलम १६ नुसार युद्धकैद्यांसाठी काही मालमत्ता रेड क्रॉसच्या मार्फत वाटण्यात आली आणि ब्रिटिश युद्धकैद्याच्या वाट्याला सुमारे ७६ पौंड, तर स्थानबद्ध नागरिकाच्या वाट्याला सुमारे ४८ पौंड आले. साडेतीन वर्षांच्या छावणीचे हे मोल. पुढे कॅनडाने १९९८ मध्ये हाँगकाँगला पकडलेल्या आपल्या सैनिकांना प्रत्येकी २४,००० कॅनेडियन डॉलर आणि ब्रिटनने २००० मध्ये हयात कैद्यांना प्रत्येकी १०,००० पौंड दिले, ते स्वतःच्या तिजोरीतून. माझ्या मते हे औदार्य नव्हते. ज्या सरकारने नागरिकाला न विचारता त्याचा दावा तहात सोडून दिला, त्या सरकारवर तो दावा भागवण्याची नैतिक जबाबदारी येऊन पडतेच. म्हणून योजनेच्या पहिल्याच परिच्छेदात पैसा कोण देत आहे, कोणत्या नात्याने देत आहे आणि काय मान्य करत आहे, ही तीन वाक्ये असावीत.

दुसरी पायरी : पात्र कोण, हे घोषणेच्या आधी ठरवा

ही पायरी चुकली की पुढची सगळी मेहनत वाया जाते आणि दुर्दैवाने चुका सर्वाधिक इथेच झालेल्या आहेत. वर उल्लेखिलेली ब्रिटनची योजना नोव्हेंबर २००० मध्ये संसदेत जाहीर झाली, तेव्हा 'ब्रिटिश' स्थानबद्ध नागरिक म्हणजे नेमके कोण हे ठरलेले नव्हते. नंतर अशी अट आली की अर्जदार स्वतः किंवा त्याचे आईवडील अथवा आजीआजोबा यांपैकी कोणीतरी ब्रिटनमध्ये जन्मलेले असावे. ब्रिटिश म्हणूनच ज्यांना शत्रूने छावणीत डांबले होते, त्यांना आता 'तुम्ही पुरेसे ब्रिटिश नाही' असे पत्र आले. २००५ मध्ये संसदीय लोकपालाने या कारभारावर ठपका ठेवला आणि २००६ मध्ये अपील न्यायालयाने ही रक्ताच्या नात्याची अट वंशाच्या आधारे अप्रत्यक्ष भेदभाव करणारी ठरवली. त्याआधी, २००२ मध्ये, जपान्यांच्या कैदेत राहिलेल्या गुरखा सैनिकांना याच योजनेतून वगळण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने समानतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केला होता. एकाच बाजूने लढलेल्या आणि एकाच शत्रूच्या कैदेत राहिलेल्या माणसांना वेगवेगळ्या मापाने मोजले गेले होते.

यातून निघणारा नियम सरळ आहे. पात्रता व्यक्तीच्या रक्तावरून, आजच्या नागरिकत्वावरून किंवा आजच्या पत्त्यावरून ठरवू नये. कुठे, केव्हा आणि काय सोसले यांवरून ठरवावी. ताबा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या भागात होता, याचे परिशिष्ट आधी तयार करावे. एकाच देशात वेगवेगळ्या जिल्ह्यांचा ताबा वेगवेगळ्या दिवशी सुरू होतो आणि संपतो, त्यामुळे हे काम इतिहासतज्ज्ञांकडून करून घ्यावे.

त्यानंतर मसुदा समोर ठेवून कोण सुटले आहे याचा शोध घ्यावा. युद्धकैद्यांना वगळण्याकडे कल असतो, कारण सैनिकाची कैद हा युद्धाचाच भाग आहे असा युक्तिवाद केला जातो. जर्मनीत २००० साली स्थापन झालेल्या 'स्मरण, जबाबदारी आणि भविष्य' या प्रतिष्ठानाने नाझी काळातील वेठबिगारांना भरपाई दिली, पण केवळ युद्धकैदी असणे हा पात्रतेचा आधार मानला नाही. सोव्हिएत युद्धकैद्यांना जर्मनीने जाणूनबुजून उपाशी मारले होते आणि त्यांच्यापैकी लाखो जण छावण्यांतच मेले. तरीही हयात असलेल्यांना प्रत्येकी २,५०० युरो देण्यासाठी जर्मन संसदेने तरतूद केली ती २०१५ मध्ये. इराकने कुवेतवर केलेल्या आक्रमणानंतर स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने याबाबत अधिक नेमकी रेघ ओढली: इराकविरुद्ध लढलेल्या देशांच्या संयुक्त सैन्यातील सैनिकांना सर्वसाधारणपणे दावा करता येत नव्हता, पण युद्धकैदी असताना आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा मोडून ज्यांना वागवले गेले, त्यांना करता येत होता. कैद स्वतः बेकायदा नसते, कैदेतला छळ मात्र बेकायदा असतो, हा फरक त्यात नीट पकडला आहे.

नागरिकांमध्ये सर्वाधिक दुर्लक्षित राहतात ते लपून राहिलेले लोक. ते छावणीत नव्हते म्हणून कोणत्याच यादीत नसतात. पॅसिफिक महासागरातील आपल्या ग्वाम बेटासाठी अमेरिकेने २०१६ मध्ये केलेल्या कायद्यात स्थानबद्धता टाळण्यासाठी लपून राहणे हेही सोसलेल्या दुःखात मोजले आहे आणि ही तरतूद अनुकरणीय आहे. (तो कायदा झाला तेव्हा बेटावरचा जपानी ताबा संपून ७२ वर्षे उलटली होती, हे मात्र अजिबात अनुकरणीय नाही.) छावणीत जन्मलेली मुले, सैन्यासोबत नेलेले स्थानिक मजूर आणि योजना जाहीर होण्यापूर्वी वारलेल्यांच्या विधवा यांचाही स्वतंत्र विचार करावा. वारसांसाठी एक ठरावीक तारीख ठेवावी लागते. जर्मन योजनेत १६ फेब्रुवारी १९९९ रोजी किंवा त्यानंतर मृत्यू झालेल्यांच्या वारसांना अर्ज करता येत होता. ही तारीख कायदा होण्याच्या बरीच आधीची होती, त्यामुळे वाटाघाटी लांबवून हयात दावेदारांची संख्या घटण्याची वाट पाहण्यात देणाऱ्याला फायदा उरला नाही. नव्या योजनेतही तारीख वाटाघाटी सुरू झाल्याच्या दिवशीची धरावी.

तिसरी पायरी : रकमेचे टप्पे

प्रत्येकाच्या दुःखाचे स्वतंत्र मोजमाप करू पाहणारी योजना कागदावर न्याय्य दिसते, पण हजारो दाव्यांपुढे ती टिकत नाही. दावेदार वाट पाहत मरतात. त्यामुळे मोजके टप्पे आणि ठरावीक रक्कम हाच मार्ग अनुभवाला उतरलेला आहे. ग्वामच्या कायद्यात मृताच्या वारसांना २५,००० डॉलर, बलात्कार किंवा गंभीर शारीरिक इजा झालेल्या हयात व्यक्तीला १५,०००, सक्तीची मजुरी किंवा इतर इजेसाठी १२,००० आणि सक्तीची पायपीट, स्थानबद्धता वा लपून राहणे यांसाठी १०,००० असे टप्पे होते. जर्मन प्रतिष्ठानाने छळछावण्या आणि घेट्टो म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्त्या यांतील गुलाम मजुरांना कमाल १५,००० मार्क आणि हद्दपार करून कारखान्यांत राबवलेल्यांना साधारणपणे कमाल ५,००० मार्क दिले. कुवेतच्या बाबतीत, केवळ देश सोडून जावे लागलेल्या व्यक्तीला २,५०० डॉलर मिळत आणि इतर कोणत्याही प्रकारात दावा करणार नाही असे लिहून दिल्यास ४,००० मिळत. कुवेत आणि इराकमधून परतलेल्या भारतीय कामगारांचे दावेही याच व्यवस्थेतून गेले.

टप्पे ठरवताना मी एककांची पद्धत सुचवतो, कारण निधी किती जमेल आणि दावे किती येतील हे सुरुवातीला कोणालाच माहीत नसते. समजा, छावणीतील बंदिवासासाठी १० एकके आणि प्रत्येक पूर्ण महिन्यासाठी १ एकक, सक्तीच्या मजुरीच्या प्रत्येक महिन्यासाठी २ एकके आणि कायमच्या अपंगत्वासाठी २० एकके ठरवली. चौदा महिने छावणीत राहिलेल्या, त्यांतले पाच महिने रस्त्याच्या कामावर राबवलेल्या आणि तिथे हात कायमचा निकामी झालेल्या स्त्रीची एकके १० अधिक १४, अधिक १०, अधिक २०, म्हणजे ५४ होतात. निधी १०० कोटींचा असून मान्य दाव्यांची एकूण एकके २० लाख भरली, तर एका एककाची किंमत ५०० होते. त्यातला पाचवा हिस्सा अपिलांसाठी राखून ठेवला, तर पहिल्या हप्त्यात एककामागे ४०० प्रमाणे तिला २१,६०० मिळतील आणि अपिले निकाली निघाल्यावर उरलेले ५,४०० पर्यंत मिळू शकतील. हा हिशेब दावेदाराला स्वतः करता यावा इतका सोपा ठेवावा, आणि एककाची किमान किंमत कायद्यातच नमूद करावी. निधी तिच्याखाली गेला तर वाढवायचा तो निधी, कापायची ती रक्कम नव्हे.

दोन पथ्ये आवर्जून पाळावीत. दावेदाराच्या आजच्या देशात राहणीमान स्वस्त आहे म्हणून रक्कम कमी करू नये, कारण भुकेची आणि मारहाणीची किंमत राहण्याच्या ठिकाणावरून बदलत नाही. तसेच लैंगिक अत्याचाराचा टप्पा स्वतंत्र नावाने छापू नये. तो गंभीर इजेच्या टप्प्यात ठेवावा, म्हणजे मिळालेल्या रकमेवरून शेजाऱ्यांना किंवा घरच्यांना काही ताडता येणार नाही.

चौथी पायरी : पुरावा

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी काँगो विरुद्ध युगांडा या खटल्यात भरपाईचा जो निकाल दिला, त्यातला एक मुद्दा या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने टिपून ठेवावा. काँगोतील इतुरी हा प्रदेश युगांडाच्या ताब्यात होता. तिथे झालेली विशिष्ट हानी आपल्या कर्तव्यच्युतीमुळे झाली नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी न्यायालयाने युगांडावर टाकली. ताब्यात नसलेल्या भागांसाठी हा नियम नव्हता. ज्याच्या हाती प्रदेश, त्याच्या हाती व्यवस्था आणि नोंदी. म्हणून खुलासाही त्यानेच करायचा.

योजनेत हे तत्त्व गृहीतकांच्या रूपाने उतरवावे. एखादी छावणी अमुक काळात होती आणि तिथे कैद्यांना उपाशी ठेवले जात होते, हे इतिहासाने एकदा सिद्ध झाले, की तिथे होतो एवढे दाखवणाऱ्याला उपासमार वेगळी सिद्ध करायला लावू नये. एखाद्या गावातील सर्व प्रौढांना धावपट्टी बांधायला जुंपले होते हे मान्य असेल, तर त्या गावात राहत असल्याचा पुरावा मजुरीचाही पुरावा धरावा. अशा मान्य ठिकाणांची आणि घटनांची यादी योजनेनेच तयार करून प्रसिद्ध करावी. हे काम पहिल्या सहा महिन्यांत झाले तर पुढची कित्येक वर्षे वाचतात.

पुराव्याचे मापही लेखी ठरवावे. फौजदारी खटल्यातले 'संशयाच्या पलीकडे' हे माप इथे सर्वस्वी गैरलागू आहे. जर्मन योजनेत दावा विश्वासार्ह वाटेल एवढे दाखवणे पुरेसे होते. कागद शोधून आणण्याची जबाबदारी मात्र दावेदाराची नसून योजनेच्या कार्यालयाची असावी. जर्मनीतील आरोल्सन अभिलेखागारात नाझी छळाला बळी पडलेल्या सुमारे पावणेदोन कोटी लोकांविषयीचे जवळपास ३ कोटी दस्तऐवज आहेत आणि रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीची केंद्रीय शोध संस्था कैद्यांच्या नोंदी सांभाळते. अशा संस्थांशी कार्यालयाने थेट करार करावा आणि अर्ज आला की स्वतःच शोध घ्यावा. कुवेतच्या आयोगाकडे सुमारे २७ लाख दावे आले होते. लाखोंच्या संख्येतले लहान दावे त्याने एकेक वाचत न बसता, प्रवासाच्या आणि सीमा ओलांडल्याच्या नोंदींशी संगणकावर पडताळून आणि नमुना तपासणी करून निकाली काढले.

नोंदी पडताळताना नावांची फसगत ठरलेलीच असते. परक्या कारकुनाने कानाला जसे आले तसे लिहिलेले नाव, आडनावाच्या जागी वडिलांचे नाव, लग्नानंतर बदललेले नाव, गावाचे ताब्याच्या काळातले नवे नाव. यांतले काहीही अर्ज फेटाळायला पुरेसे कारण ठरू नये. तारखांचेही तसेच. जपानी नोंदींत वर्षे सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेली असतात; त्यांतले शोवा १७ हे वर्ष म्हणजे १९४२. हे माहीत नसलेल्या तपासनिसाला अर्जातली आणि कार्डावरची तारीख जुळत नाही असेच वाटेल. छाननी करणाऱ्यांना अशा रूपांतराचे तक्ते हाती द्यावेत.

कागद मिळालाच नाही तर दावेदाराचे प्रतिज्ञापत्र आणि त्या काळी सोबत असलेल्या दोन व्यक्तींचे जबाब पुरेसे मानावेत. साक्षीदार हयात नसतील तर तेवढ्यावरून दावा पडू नये. जबाब घेणाऱ्याने प्रश्न कसा विचारावा, हे इथे फार महत्त्वाचे ठरते. "तुम्हाला किती वेळा मारले?" असे विचारले की नव्वदीतला माणूस गडबडतो, आकडा चुकतो आणि मग विसंगती म्हणून त्याच्यावरच बोट ठेवले जाते. त्याऐवजी "सकाळी उठल्यापासून दिवस कसा जायचा?" असे विचारावे. रांगेत उभे राहून मोजणी व्हायची, मग एक वाटी पेज, मग कुदळ घेऊन निघायचे, वाटेत कोण पडले, कोणाला मागे ठेवले, असा दिवस उलगडत जातो. त्या तपशिलांत छावणी ओळखू येते आणि माणूसही खोटा पडत नाही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत जबाब एकदाच, दावेदाराच्या पसंतीच्या व्यक्तीसमोर आणि घरच्यांच्या गैरहजेरीत घ्यावा. वैद्यकीय तपासणीची मागणी करू नये. आपले सोसणे दुसऱ्यांदा सिद्ध करावे लागणे हीच एक नवी यातना आहे, हे प्रत्येक तपासनिसाने लक्षात ठेवावे.

खोटे दावे येतील, यात शंका नाही. त्यांचा बंदोबस्त नमुना तपासणीने आणि सिद्ध झालेल्या बनावटीला शिक्षा देऊन करावा. काही खोट्यांना रोखण्यासाठी सगळ्या खऱ्यांना संशयित ठरवण्याचा मार्ग न्याय्य नाही.

पाचवी पायरी : पैसा येणार कुठून

निकाल मिळणे आणि पैसे मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. इरिट्रिया आणि इथिओपिया यांच्यातील दावे आयोगाने २००९ मध्ये अंतिम निवाडे दिले, त्यांत युद्धकैद्यांच्या गैरवागणुकीचाही विचार झाला होता. पण दोन्ही देशांनी एकमेकांना पैसे दिले नाहीत. उलट, कुवेतच्या आयोगासाठी इराकच्या तेल निर्यातीच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा, सुरुवातीला ३० टक्के, थेट निधीत वळवलेला होता. त्यामुळे सुमारे ५२.४ अब्ज डॉलर प्रत्यक्षात दिले गेले आणि शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये चुकता झाला. तीस वर्षे लागली आणि त्याचा भार सामान्य इराकी जनतेवरही पडला, हे नमूद केले पाहिजे. म्हणून असा हिस्सा ठरवताना देणाऱ्या देशातील लोकांच्या अन्नऔषधाला हात लागणार नाही अशी मर्यादा हवी. जर्मन प्रतिष्ठानाचे १० अब्ज मार्क सरकार आणि उद्योगक्षेत्र यांनी निम्मेनिम्मे दिले. ज्या कारखान्यांनी वेठबिगारीतून नफा कमावला त्यांच्याकडून वाटा घेणे रास्तच आहे.

सरकारकडे एकरकमी दिलेला पैसा व्यक्तीपर्यंत पोहोचेलच असे नाही. १९६५ च्या करारानुसार जपानने दक्षिण कोरियाला ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर कर्ज दिले. त्यातला बहुतेक पैसा देशाच्या आर्थिक उभारणीत गेला आणि वेठबिगारांच्या कुटुंबांना अगदी थोडा मिळाला. २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी कंपन्यांना जबाबदार धरले, त्यामागे हे अर्धशतकाचे दुखणे होते. म्हणून निधी स्वतंत्र खात्यात असावा, त्याचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा, कार्यालयीन खर्चाला कायद्याने मर्यादा असावी आणि वकिलांच्या शुल्कालाही तशीच मर्यादा घालावी.

सहावी पायरी : वाटपाचा क्रम, मुदत आणि अपील

सर्वांत वृद्ध आणि गंभीर आजारी दावेदार आधी, हा क्रम ठेवावा. युद्धकाळात स्थानबद्ध केलेल्या जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने १९८८ च्या कायद्यानुसार प्रत्येकी २०,००० डॉलर आणि माफीचे पत्र दिले, तेव्हा १९९० मध्ये पहिले धनादेश सर्वांत वयोवृद्धांच्या हाती ठेवले होते. कुवेतच्या आयोगानेही व्यक्तींचे लहान दावे कंपन्यांच्या आणि सरकारांच्या दाव्यांच्या आधी घेतले.

अर्जाची मुदत किमान दोन वर्षे असावी आणि तिची माहिती जिथे दावेदार विखुरले आहेत तिथल्या भाषांत पोहोचावी. फार काळ लोटला म्हणून दावा बाद, हा बचाव योजनेत मुळीच मान्य करू नये. इंडोनेशियातील रावागेडे येथे १९४७ मध्ये डच सैन्याने केलेल्या हत्याकांडातील विधवांच्या दाव्यावर हेगच्या न्यायालयाने २०११ मध्ये मुदतीचा आक्षेप गैर ठरवला आणि त्यानंतर त्यांना प्रत्येकी २०,००० युरो मिळाले. मिळालेली रक्कम करमुक्त असावी आणि तिच्यामुळे निवृत्तिवेतन, शिधा किंवा उपचारांच्या सवलती बंद होऊ नयेत. बँक खाते नसणाऱ्यांसाठी घरपोच वाटपाची सोय असावी. अपील मूळ निर्णय देणाऱ्याकडे न जाता वेगळ्या मंडळाकडे जावे आणि त्यासाठी साधे पत्र पुरे व्हावे.

२००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने स्वीकारलेल्या मूलभूत तत्त्वांत पैशांबरोबरच उपचार आणि पुनर्वसन, सत्याची जाहीर मान्यता आणि असे पुन्हा न होण्याची हमी यांचाही समावेश आहे. उपचारांची तरतूद रोख रकमेतून वजा न करता वेगळी ठेवावी.

शेवटचा कागद म्हणजे निर्णयाचे पत्र. पुष्कळ योजनांत ते 'आपला दावा मंजूर करण्यात येत आहे' एवढ्यावर संपते. त्याऐवजी ते दावेदाराच्या भाषेत, त्याच्या नावाने लिहावे आणि योजनेने काय खरे मानले ते त्यात सांगावे, उदाहरणार्थ: "आपण अमुक छावणीत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बंदिवासात होता, तेथे आपल्याला पुरेसे अन्न दिले गेले नाही, आजारी असताना आपल्याकडून धावपट्टीचे काम सक्तीने करून घेतले गेले आणि त्यात आपला उजवा हात कायमचा निकामी झाला, हे आम्ही मान्य करतो. ही कृत्ये बेकायदा होती. त्यांची जबाबदारी पुढील सहीकर्त्यांच्या सरकारवर आहे." दावा फेटाळला असेल तर कोणती गोष्ट मान्य केली, कोणती झाली नाही आणि का, हे तेवढ्याच तपशिलाने लिहावे. पत्राची एक प्रत दावेदाराच्या जबाबासह, त्याची संमती असल्यास, कायमस्वरूपी अभिलेखागारात ठेवावी आणि त्या प्रतीवर दावेदाराला स्वतःचा शेरा लिहिण्यासाठी जागा सोडावी.